ब्रुनोचं पोट सोमवारीच का बिघडतं?

डॉक्टर, नमस्कार.

आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. आमचा ब्रुनो लॅब्रेडॉर आहे, चार वर्षांचा. गेलं वर्षभर दर तीन-चार आठवड्यांनी त्याचं पोट बिघडतं. दिवसातून सहा-सात वेळा खाली न्यावं लागतं. दर वेळी थोडी थोडी पातळ शी, तिच्यात शेंबडासारखी आव, आणि कधी कधी शेवटी लाल रक्ताचा थेंब. मधल्या दिवसांत मात्र तो ठणठणीत असतो. खातो, खेळतो, वजनही कमी झालेलं नाही. बहुतेक वेळा हे सोमवारी सकाळी, माझ्या ऑफिसच्या घाईतच सुरू होतं. डॉक्टर इंजेक्शन देतात, पाच दिवसांच्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या देतात. दोन दिवसांत बरा होतो आणि महिन्याच्या आत पुन्हा तेच. डॉग फूड तीनदा बदलून झालं. जंताच्या गोळ्याही दिल्या आहेत. सकाळी दूध-पोळी आणि संध्याकाळी डॉग फूड असं त्याचं खाणं. माझे सासरे, नाना, त्याला पहाटे फिरायला नेतात आणि तिथे बिस्किटं देतात. मी काही म्हटलं की त्यांना लागतं. ‘आमच्या गावाकडची कुत्री सगळं खायची, त्यांना कधी काही झालं नाही,’ म्हणतात. सासूबाई जायफळ उगाळून चाटवतात. यावरून घरात सारखे खटके उडतात. डॉक्टर बदलावा का? की ब्रुनोला जन्माचं काही दुखणं लागलंय?

ब्रुनोची आई, नाशिक


ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगाची माहिती तुम्ही जाता जाता लिहून गेलात. सोमवार सकाळ. जंत वार बघून त्रास देत नाहीत, आतड्याचे जुने आजारही देत नाहीत. दर वेळी सोमवारीच पोट सुटत असेल, तर शनिवार रात्रीपासून रविवार रात्रीपर्यंत ब्रुनोच्या तोंडात काय काय गेलं, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा.

आपल्याकडचा रविवार कसा असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. सकाळी मिसळ, बाहेर नाही तर पार्सल. रश्श्यात बुडवलेला पावाचा तुकडा कुणीतरी टेबलाखाली सोडतं. दुपारी मटण किंवा चिकन, मग हाडं ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून त्याच्या ताटलीत. संध्याकाळी पाहुणे आले तर शेव, चिवडा, केकचा कोपरा. घरातल्या प्रत्येकाला वाटतं आपण एकच घास दिला. चार-पाच माणसांचे असे ‘एकच घास’ एका पोटात गेले की त्यात तेल, तिखट, मीठ आणि चरबी मिळून रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त ऐवज होतो. लॅब्रेडॉर नको म्हणणाऱ्यातला नाही. पोट भरलंय हे त्याला लवकर कळतच नाही. या जातीच्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये भूक आवरणाऱ्या एका जनुकात दोष असतो, हे २०१६ साली संशोधनातून समोर आलं आहे. तेव्हा ‘त्याला नको असतं तर त्यानं खाल्लंच नसतं’ हा हिशेब ब्रुनोच्या बाबतीत कधीच धरू नका.

माझा अंदाज चुकीचाही असू शकतो, आणि तो तपासायचा कसा ते पुढे लिहितोच. त्याआधी तुम्ही सांगितलेल्या लक्षणांबद्दल. थोडी थोडी पण वारंवार शी, कुंथणं, आव, शेवटी ताज्या लाल रक्ताचा थेंब आणि वजन जागच्या जागी, हे सगळं मोठ्या आतड्याकडे बोट दाखवतं. लहान आतडं बिघडलं की चित्र वेगळं असतं. शी कमी वेळा पण भरपूर होते, कुत्रं नीट खाऊनही हळूहळू खंगतं, आणि रक्त असलंच तर ते पचून डांबरासारखं काळं दिसतं. ब्रुनो खंगत नाहीये, ही दिलाशाची बाब आहे. त्याचं वर्षभरातलं वजन मात्र अंदाजानं सांगू नका. डॉक्टरांच्या काट्यावर दर वेळी झालेली नोंद मागून घ्या. रोज डोळ्यासमोर असलेलं कुत्रं दोन किलोनं उतरलं तरी घरच्यांच्या लक्षात येत नाही.

आता गोळ्यांविषयी. मेट्रोनिडाझोलनं ब्रुनो दोन दिवसांत बरा होतो असं तुम्हाला वाटतं, आणि तसं वाटणं साहजिक आहे. पण खाण्यातल्या गडबडीनं सुटलेलं पोट बहुतेक धडधाकट कुत्र्यांमध्ये गोळी न देताही दोन-चार दिवसांत आपसूक थांबतं. श्रेय गोळीला जातं. नुकसान हे की आतड्यात जे उपयोगी जिवाणू राहतात, पचनाला मदत करतात, त्यांचीही या औषधानं कत्तल होते आणि ती घडी पुन्हा बसायला कित्येक आठवडे लागतात. ब्रुनोची घडी बसत येते तोवर पुढचा सोमवार येतो, पुढचा कोर्स येतो. साध्या जुलाबांना लगेच अँटिबायोटिक देऊ नये, असंच आता जगभरच्या पशुवैद्यकांचं मत होत चाललं आहे. याचा अर्थ चालू असलेला कोर्स तुम्ही मनानं बंद करावा असा नाही. पुढच्या वेळी ‘या वेळी गोळीशिवाय बघता येईल का?’ एवढं डॉक्टरांना विचारा. ताप असेल, कुत्रं मलूल असेल तर ते नाही म्हणतील, आणि तेव्हा ते बरोबर असतील.

तर पहिलं काम: एक वही. फ्रिजच्या दाराला दोरीनं पेन्सिल बांधून लटकवा. ब्रुनोच्या तोंडात पाण्याखेरीज जे जाईल ते देणाऱ्यानं स्वतः लिहायचं. वेळ, काय, किती, कुणी. शेजारच्या रकान्यात शी कशी झाली. त्यासाठी मोठे शब्द नकोत. ‘घट्ट, उचलता आली’, ‘मऊ, डाग राहिला’, ‘पातळ, आव’, ‘पाणी’, एवढ्या चार पायऱ्या पुरतात. वहीतलं एक पान साधारण असं दिसेल: सकाळी ६, ग्लुकोज बिस्किटं ४, नाना. ६:३०, ट्रॅकबाहेर कुणीतरी टोस्ट दिला. ८, दूध-पोळी दीड, आई. ८:१५, चिरंजीवांच्या डब्यातला पराठ्याचा तुकडा. दुपारी २, भांडी घासायच्या आधी कढई चाटली. हे शेवटचं कुणी लिहीत नाही, आणि खरी मेख बऱ्याचदा तिथेच असते. तळाशी उरलेलं तेल, कांदा-लसणाचं वाटण, सगळं त्या कढईत असतं. चघळायच्या काड्या, चामड्याची हाडं, चव लावलेल्या औषधाच्या गोळ्या, बाल्कनीत कावळ्यासाठी ठेवलेला घास, पितृपक्षातला वडा आणि खीर, वॉचमनकाकांनी प्रेमानं दिलेली भाकरी, हे सगळं वहीत आलं पाहिजे. वहीवरून कुणाला बोलायचं नाही, हा नियम पहिल्याच पानावर लिहून ठेवा, नाहीतर दोन दिवसांत लोक लपवायला लागतील आणि वही निरुपयोगी होईल.

आणि आता नाना. ताई, तुमच्या पत्रात आजारापेक्षा या भागात जास्त त्रास दिसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहाटे उठून जॉगिंग ट्रॅकच्या बाजूला कुत्र्याला घेऊन जाणारा माणूस तुमच्या घरात आहे. ब्रुनोच्या तब्येतीतला निम्मा चांगला वाटा त्या चालण्याचा आहे, हे आधी त्यांना मोकळ्या मनानं सांगा. त्यांच्या हातातलं बिस्किट काढून घेतलंत तर तुम्ही त्या दोघांमधला आनंदच काढून घेताय असं त्यांना वाटणार. निवृत्तीनंतर ज्यांचं घरात कुणी फारसं ऐकत नाही अशा माणसाला रोज सकाळी एक जीव डोळे लावून बघतो, त्याच्या खिशाकडे नाक नेतो, ही फार मोठी गोष्ट आहे. तेव्हा बंदी घालू नका. ब्रुनोच्या दिवसभराच्या मोजलेल्या डॉग फूडमधून एक मूठ सकाळी बाजूला काढा आणि ती नानांच्या खिशात जाऊ द्या. कुत्र्याला नानांच्या हातून मिळाल्याशी मतलब असतो. लॅब्रेडॉर तर बिस्किट काय आणि रोजचा दाणा काय, तितक्याच आवडीनं घेतो.

याहून पुढचं सांगतो. ब्रुनोच्या खाण्याचा कारभार नानांकडेच द्या. वही त्यांची, मोजायचा कप त्यांचा, दोन्ही वेळची ताटली त्यांच्या हातची. ‘नाना, डॉक्टर म्हणाले की तीन आठवडे एकाच माणसानं खायला घालायचं आणि तो माणूस शिस्तीचा हवा,’ असं माझं नाव पुढे करून सांगा. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात घराघरांत फरक पडतो, त्याचा फायदा घ्या. ज्या माणसावर पथ्य मोडण्याचा आरोप होत होता त्याच्याकडेच पथ्य सोपवलं की तो नातवाला, पाहुण्यांना, ट्रॅकवरच्या मित्रांनाही अडवतो. माझ्या दवाखान्यात हे मी वारंवार पाहिलं आहे. आजी-आजोबांइतकं काटेकोर पथ्य तरुण मंडळींच्यानं होत नाही.

गावाकडच्या कुत्र्यांबद्दल नाना म्हणतात ते डोळ्यांनी पाहिलेलंच सांगतात. पण ती कुत्री कोरडी भाकरी, ताक, शेतातले उंदीर-घुशी खायची आणि दिवसभर हिंडायची. मिसळीची तर्री, बेकरीचा माल आणि पॅकबंद फरसाण त्यांच्या वाट्याला येत नव्हतं. शिवाय त्यांच्यातली किती पोटाच्या दुखण्यानं गेली ते कुणी मोजलं नाही. कुत्रं दिसेनासं झालं की ‘कुठेतरी गेलं’ एवढंच म्हटलं जायचं.

खाण्याचं म्हणाल तर पुन्हा नवीन डॉग फूड आणू नका. वर्षात तीनदा बदलणं हेच पोट बिघडायला पुरेसं कारण आहे. आत्ता जे चालू आहे आणि मधल्या चांगल्या दिवसांत जे त्याला पचतं तेच धरून ठेवा. सकाळची दूध-पोळी मात्र थांबवायची. पोळी विष नाही. पण मोठ्या कुत्र्यांच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य पिल्लाच्या वयानंतर कमी होत जातं, आणि न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेते. एकदम बंद न करता आठवडाभरात दूध-पोळी कमी आणि डॉग फूड जास्त असं करत जा. त्यानंतर पूर्ण तीन आठवडे फक्त तेच, आणि पाणी. पाकिटावर वजनानुसार दिलेलं प्रमाण हा एकूण दिवसाचा आकडा असतो, एका वेळचा नाही. हा घोळ फार ठिकाणी होतो. डॉग फूड मोठ्या पोत्यातून सुटं किलोवर घेत असाल तर ते थांबवा. पावसाळ्यात उघड्या पोत्याला ओल लागते, बुरशी येते, तेल खवट होतं आणि वासावरून आपल्याला ते कळेलच असं नाही. महिनाभरात संपेल एवढंच बंद पाकीट घ्या आणि ते पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

आतड्याच्या बाबतीत तीन आठवडे पुरतात. खाण्यामुळे त्रास असेल तर या मुदतीत फरक दिसतोच. या काळातले तिन्ही रविवार नुसत्या मोजलेल्या दाण्यावर कोरडे गेले आणि सोमवार सुखाचे आले, तर कारण सापडलं. एवढं काटेकोर पाळूनही पोट बिघडलं तर पुढची पायरी म्हणजे प्रथिन बदलणं. त्यानं आजवर न खाल्लेला एखादा मांसप्रकार, किंवा डॉक्टरांकडे मिळणारं असं खास खाद्य ज्यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली असतात की शरीराला ती ओळखू येत नाहीत. ते महाग असतं, म्हणून सुरुवातीलाच त्याच्या मागे लागू नका. वारंवार पोट बिघडणाऱ्या कुत्र्यांतली बरीचशी फक्त खाण्याच्या बदलानं सुधारतात, हे लक्षात ठेवून धीर धरा.

जंताचं औषध दिलंय असं तुम्ही लिहिलंत. पाकीट शोधून त्यावरची नावं वाचा. प्राझिक्वांटेल आणि पायरँटेल एवढीच दोन असतील तर गोल जंत, अंकुशकृमी आणि पट्टकृमी यांचा बंदोबस्त झाला. पण मोठ्या आतड्यात राहणारा आणि नेमकी आव-रक्ताचीच लक्षणं देणारा चाबूककृमी त्यातून सुटतो. त्यासाठी तिसरं नाव, फेबँटेल, किंवा वेगळं फेनबेंडाझोल लागतं. या कृमीची अंडी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि पोटात गेल्यापासून शीत अंडी दिसायला जवळपास तीन महिने जातात, म्हणून एका तपासणीत ‘काही नाही’ आलं तरी तो नसेलच असं नाही. दुसरा लपून राहणारा म्हणजे जिआर्डिया. हा जंत नव्हे, एकपेशी जीव. नेहमीच्या एका गोळीला तो दाद देत नाही, सलग काही दिवस औषध लागतं. साचलेल्या पाण्यातून, दुसऱ्या कुत्र्याच्या शीचा वास घेता घेता तो येतो. पावसाळ्यात बांधकामांच्या खड्ड्यांत, गटारीच्या कडेला, गोदाकाठच्या डबक्यांत जीभ घालणाऱ्या कुत्र्यांना त्याची लागण सहज होते. औषध देऊनही परत का होतो? कारण त्याचे सूक्ष्म कोश कुत्र्याच्या मागच्या केसांना चिकटून राहतात, ते चाटतं आणि पुन्हा पोटात घेतं. म्हणून औषधाच्या शेवटच्या दिवशी मागचा भाग शाम्पूनं स्वच्छ धुवायचा, अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचं. फिरायला जाताना पाण्याची बाटली सोबत ठेवा, आणि ब्रुनोची शी उचला. ट्रॅकवर लहान मुलं अनवाणी खेळतात. अंकुशकृमीची अळी माणसाच्या कातडीतूनही आत शिरते.

नाशिककर म्हणून आणखी एक गोष्ट तुमच्या कानावर घालणं मला अगदी गरजेचं वाटतं. आपल्या जिल्ह्याची ओळख ज्या दोन पिकांमुळे आहे, ती दोन्ही कुत्र्याला घातक आहेत. द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते एप्रिलचा, तेव्हा घराघरांत पेट्या येतात. द्राक्षं, मनुके, बेदाणे खाल्लेल्या काही कुत्र्यांची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी होतात. किती खाल्ल्यावर, याला काही नेम नाही. एखादं मूठभर खाऊन सुटतं, एखादं थोडक्यात जातं. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याच्या मुळाशी असावं असं आता मानलं जातं, आणि तेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे चिंच-गुळाची आमटी कालवलेला भातही नको. सुरुवात उलटी आणि जुलाबानंच होते, त्यामुळे ‘नेहमीचंच पोट बिघडलंय’ म्हणून दोन दिवस वाट बघितली की वेळ हातची जाते. हंगामात पोट बिघडलं तर आधी पेटीजवळ कुणी सांडलवंड केली का ते विचारा. द्राक्षं खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठायचा. पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टर उलटी करवून बरंचसं बाहेर काढू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्यानं वेगळाच धोका होतो.

कांद्याचं तसंच. लासलगाव-पिंपळगावच्या कांद्याशिवाय आपला एकही रस्सा होत नाही. कच्चा, शिजवलेला, तळलेला, पावडर केलेला, कसाही असला तरी कांदा कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतो. लसूणही त्याच जातीचा. वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतका कांदा एकदम पोटात जाणं धोक्याचं धरतात. ब्रुनो तीस किलोचा असेल तर दीडशे ग्रॅम, म्हणजे दोन मध्यम कांदे. एका घासात एवढा जात नाही, पण रोज थोडा थोडा गेला तरी साठत जातो आणि परिणाम काही दिवसांनी दिसतो. हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद तांबूस, चालताना धाप. रविवारच्या रश्श्याबद्दल मी इतका आग्रहानं का बोलतो ते आता लक्षात आलं असेल.

हाडांबद्दल थोडक्यात. शिजवलेलं हाड नाही म्हणजे नाही. त्याच्या किरचा आतडं खरवडतात. तसंच पावसाळ्यात रस्त्यावर पडलेली, दाणे खाऊन टाकलेली मक्याची कणसं आणि उन्हाळ्यात आंब्याच्या कोयी. दोन्ही आतड्यात अडकतात आणि ऑपरेशन करून काढाव्या लागतात.

सासूबाईंचं जायफळ. बाळांना देतात म्हणून त्यांनी दिलं, मायेपोटीच दिलं. पण जायफळातला एक घटक कुत्र्याला सोसत नाही. उगाळलेल्या चाटणानं आजवर काही झालं नसेल, तरी मात्रा चुकली तर थरथर, भ्रम, ठोके वाढणं इथपर्यंत जातं. ते थांबवा. त्यांना काही करावंसं वाटतंच, तर मीठ-तेल-फोडणी न घालता उकडून कुस्करलेला लाल भोपळा, आपलं डांगर, त्यांच्या हातचं होऊ द्या. त्यातला चोथा मोठ्या आतड्याला मानवतो. फक्त हे तीन आठवडे संपल्यावर, आणि नानांच्या वहीत लिहून. इसबगोलही उपयोगी पडतं, मात्र त्याची मात्रा डॉक्टरांनी वजन पाहून ठरवायची आणि ते पाण्यात नीट भिजवूनच द्यायचं. माणसांच्या गोळ्या अजिबात नकोत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं जातात. जुलाब थांबवायच्या आपल्या गोळ्याही काही जातींच्या कुत्र्यांना थेट मेंदूवर लागतात.

पुढच्या वेळी पोट सुटलंच तर घाबरून धावपळ करू नका. ब्रुनो शेपूट हलवतोय, पाणी पितोय, उलटी नाही, तर एक वेळचं खाणं टाळा, पाणी समोर राहू द्या. मग कातडी काढलेलं चिकन साध्या पाण्यात उकडून, त्याच्या दुप्पट मऊ भात, मीठ-हळद काही नाही, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. शी बांधून आली की तीन-चार दिवसांत हळूहळू नेहमीच्या खाण्यावर. त्या दिवशी वहीचं मागचं पान वाचायचं. ओठ वर करून हिरडीवर बोट दाबून बघायला सगळ्यांनी शिका. बोट काढल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. हिरडी चिकट, कोरडी, फिकी असेल, पुन्हा पुन्हा उलटी होत असेल, शी काळी असेल किंवा रक्त थेंबाऐवजी धारेनं असेल, तो कोपऱ्यात जाऊन पडला असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी वाट बघायची नाही. पोट फुगलंय आणि उलटीचा नुसता उमाळा येतोय, बाहेर काहीच पडत नाही, हे तर सगळ्यात तातडीचं. जठराला पीळ पडला असेल तर तिथे तासाभराचाही उशीर महागात पडतो.

डॉक्टर बदलू नका. त्यांच्याकडे जाण्याची वेळ बदला. आजवर तुम्ही दर वेळी पेटलेल्या दिवशी गेलात, समोर कुंथणारं कुत्रं आणि ऑफिसला उशीर झालेली मालकीण. त्या दहा मिनिटांत कुणीही जुलाब थांबवायचंच औषध देईल. ब्रुनो छान असेल अशा एखाद्या दिवशी, दवाखान्यात गर्दी नसताना वेळ मागून घ्या. वही न्या, गेल्या वर्षाच्या चिठ्ठ्या न्या, आणि सांगा की हे वर्षभर चाललंय, आता कारण शोधायचंय. शीची तपासणी, रक्ताची पूर्ण गणना, यकृत-मूत्रपिंड आणि रक्तातलं अल्ब्युमिन यांपासून ते सुरुवात करतील. अल्ब्युमिन कमी असेल तर आतड्यातून प्रथिनं वाहून जातायत असा अर्थ होतो आणि मग प्रकरण गांभीर्यानं घ्यावं लागतं. गोचीड लागलेले असतील तर तेही सांगा. गोचिडतापात प्लेटलेट उतरतात आणि शीत रक्त येऊ शकतं. गरज पडली तर पुढे सोनोग्राफी, बी-१२, स्वादुपिंडाची आणि कॉर्टिसॉलची तपासणी. त्यातल्या काहींसाठी नमुने बाहेरगावी पाठवावे लागू शकतात. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या ठिकाणी जायची पाळी आली तरी तुमची वही तिथेही तेवढीच कामाची.

जन्माचं दुखणं आहे का? तुम्ही लिहिलेल्या चित्रावरून मला तसं वाटत नाही. पण ब्रुनोला मी हात लावून पाहिलेलं नाही, त्यामुळे हा शब्द तपासणीनंतर तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. आतड्याची जुनाट सूज निघालीच तरी तीही पथ्यानं आणि औषधानं ताब्यात राहते, आणि अशी कुत्री आपलं पूर्ण आयुष्य जगतात.

शीच्या तपासणीसाठी तीन आठवडे थांबू नका, ती याच आठवड्यात करून घ्या. एक दिवसाआड अशी तीन वेळची शी लागेल, कारण जिआर्डिया रोज बाहेर पडत नाही. सकाळची ताजी, मातीला न लागलेला वरचा भाग, चमचाभर, स्वच्छ कोरड्या डबीत. डबीवर तारीख आणि वेळ लिहा आणि तासा-दोन तासांत दवाखान्यात पोचवा. तेवढा वेळ जात असेल तर डबी दुसऱ्या पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, आणि सासूबाईंना आधी सांगून ठेवा.